एका बिछान्यातली दोन घराणी

६ जून १६४४ रोजी अमेरिकेतल्या प्लिमथ या इंग्रज वसाहतीत स्टीफन हॉपकिन्स नावाच्या आजारी माणसाने आपलं मृत्युपत्र लिहून घेतलं. सोनंनाणं वाटण्याइतकं नव्हतंच, गुरं होती. रुंद शिंगांची काळी गाय वासरासकट डेबराला. घरात 'डॅमॅरिसची कालवड' म्हणून ओळखली जाणारी गाय आणि पांढऱ्या तोंडाचं एक वासरू डॅमॅरिसला. मॉटली नावाची गाय या दोघी बहिणींत निम्मी निम्मी. रूथला रेड कोल आणि तिचं वासरू. एलिझाबेथला स्मायकिन्स, तिचं वासरू, शिवाय शेपूट नसलेली एक वर्षाची कालवड. थोरल्या मुलाला, गाइल्सला, मिसेस वॉरनकडे ठेवलेला मोठा वळू. आणि त्या वळूच्या भाड्याचे वीस शिलिंग मिसेस वॉरनकडून येणं होते, ते गाइल्सच्या मुलाला, आजोबांचंच नाव लावणाऱ्या नातवाला. लग्न होऊन गेलेल्या कॉन्स्टन्सला घोडी. आणि स्वतःसाठी एवढंच मागणं, की मला माझ्या गेलेल्या बायकोशेजारी पुरा.

हे मृत्युपत्र मी पहिल्यांदा वाचलं ते इथे मॅसॅच्युसेट्समध्ये, एका स्थानिक वाचनालयात, आणि वाचता वाचता थांबले. माझ्या आजोळी गोठ्यात कपिला होती, ढवळी होती, आणि वाटण्या झाल्या तेव्हा एक म्हैस दोन भावांत निम्मी निम्मी ठेवली होती, दूध आळीपाळीने. त्यामुळे अर्धी मॉटली म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज वसाहतवाल्याशी माझी ओळख झाली ती ही अशी, गोठ्याच्या दारातून. मग त्याचं घराणं शोधायची ओढ लागली.

इथे हे काम सोपं आहे. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या माणसांच्या वंशजांची १८९७मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. पिढीमागून पिढी, जन्म-लग्न-मृत्यूचे दाखले जोडत वर चढत जायचं आणि जहाजावरच्या माणसापर्यंत पोचायचं. पहिल्या पाच पिढ्यांचे ग्रंथ छापलेले आहेत. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांनी बाड उघडावं आणि पणजोबांच्या हातची अक्षरं समोर यावीत, त्या क्षणाची जादू ज्यांनी अनुभवली आहे त्यांना या लोकांची आस्था कळेल. मला ती मनापासून कळते. आपण कुणाचे, कुठून आलो, हे विचारण्यात काहीच वावगं नाही.

हॉपकिन्सच्या बाबतीत मात्र दाखल्यांनी बराच काळ चकवलं. तो ग्लॉस्टरशायरचा, असं कितीतरी वर्षं वंशावळींतून छापलं गेलं. पहिल्या बायकोचं नावही भलतंच. १९९८ साली कॅलेब जॉन्सन या संशोधकाने हॅम्पशायरमधल्या हर्स्ली गावच्या चर्चच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि सगळं जागेवर बसलं. एलिझाबेथ, बाप्तिस्मा १६०४. कॉन्स्टन्स, १६०६. गाइल्स, १६०८. आईचं नाव मेरी. आणि तिच्यापुढची नोंद: दफन, ९ मे १६१३. पुढे त्याच जिल्ह्यातल्या अपर क्लॅटफर्ड गावात स्टीफनचा स्वतःचा बाप्तिस्माही सापडला, ३० एप्रिल १५८१चा.

या तारखांमुळे आधी माहीत असलेली एक हकिगत या घराला येऊन जुळली.

जून १६०९मध्ये 'सी व्हेंचर' नावाचं जहाज इंग्लंडहून व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनला निघालं होतं. वसाहतीचे नवे गव्हर्नर सर थॉमस गेट्स त्याच जहाजावर. जुलैअखेर चक्रीवादळाने गाठलं, जहाज फुटायला आलं आणि बर्म्युडाच्या खडकांत जाऊन अडकलं. दीडशेच्या आसपास माणसं होती, सगळी जिवंत किनाऱ्याला लागली. बेटावर माणूसवस्ती नव्हती, पण रानडुकरं होती, कासवं होती, पक्षी होते. त्या लोकांत पाद्रीबुवांचा मदतनीस म्हणून एक स्टीफन हॉपकिन्स होता, स्तोत्रं वाचणारा, बायबल तोंडपाठ असणारा. जानेवारी १६१०मध्ये तो सोबत्यांना सांगू लागला, की गव्हर्नरचा अधिकार जहाज फुटलं तिथेच संपला. आता आपण मोकळे, पाहिजे तर इथेच राहू. गव्हर्नरने बेड्या घालून सगळ्यांसमोर उभं केलं, चौकशी झाली, बंडाच्या आरोपाखाली मृत्युदंड ठरला.

विल्यम स्ट्रेची तिथे हजर होता आणि त्याने हे सगळं लिहून ठेवलं आहे. हॉपकिन्स इतका रडला, भाकला, माझ्या मागे बायकोमुलांची धूळधाण होईल म्हणून इतका गयावया करू लागला, की चार बऱ्या माणसांचं मन द्रवलं. स्ट्रेची स्वतः आणि जहाजाचा कप्तान न्यूपोर्ट त्यात होते. माफी मिळेपर्यंत त्यांनी गव्हर्नरची पाठ सोडली नाही.

हर्स्लीच्या नोंदी वाचल्यावर ती बायकामुलं कोण ते कळतं. मेरी, आणि पदरात पाच, तीन आणि दोन वर्षांची तीन लेकरं. नवरा फासावरून उतरला हे तिला तेव्हा कळायला मार्गच नव्हता. बर्म्युडात दहा महिने काढून या मंडळींनी दोन नवी जहाजं बांधली आणि मे १६१०मध्ये जेम्सटाउन गाठलं, तर तिथल्या वसाहतीत उपासमारीतून साठेकच माणसं उरलेली. इकडे मेरी तीन वर्षांनी गेली आणि पोरांच्या मालमत्तेची व्यवस्था परक्यांनी पाहिली. थोरल्या एलिझाबेथचं (मृत्युपत्रातली एलिझाबेथ ही नव्हे, ती पुढच्या लग्नाची मुलगी) पुढे काय झालं, ते कोणत्याच कागदात येत नाही. कुटुंबाच्या इतिहासात पराक्रम लिहिला जातो बापाच्या नावावर, आणि तो परवडावा म्हणून मागे जी घरं चालवली गेली त्यांच्या वाट्याला दफनाची एक ओळ येते. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांची पानं उलटतानाही हे मला जाचतं: मुलगे नावानिशी, आणि मुली 'कन्या २' अशा आकड्यात.

स्टीफन लंडनला परतला, फेब्रुवारी १६१८मध्ये व्हाइटचॅपलच्या चर्चमध्ये एलिझाबेथ फिशरशी लग्न केलं, आणि अडीच वर्षांत पुन्हा समुद्रावर. एकदा जहाज फुटून, एकदा मरणाच्या दारातून परत आलेला माणूस या खेपेला सगळा संसार घेऊन निघाला: गरोदर बायको, कॉन्स्टन्स, गाइल्स, धाकटी डॅमॅरिस आणि एडवर्ड डोटी, एडवर्ड लायस्टर हे दोन गडी. मेफ्लॉवर अटलांटिकच्या मध्यावर असताना एलिझाबेथला मुलगा झाला. नाव ठेवलं ओशनस. एकशे दोन प्रवासी, खालच्या कोंदट मजल्यावर, आडोसा म्हणून फार तर एखादी चादर, आणि त्यात ते बाळंतपण. या प्रवासाच्या चित्रांत नेहमी किनाऱ्याकडे बोट दाखवणारे पुरुष असतात. मला तरी त्या जहाजावरचं सगळ्यात धाडसाचं काम एलिझाबेथने केलं असं वाटतं.

जहाज ठरल्या जागेच्या बरंच उत्तरेला लागलं. हाती असलेली सनद इथली नाही, तेव्हा इथे आमच्यावर कुणाची सत्ता नाही, अशी कुजबुज काही प्रवाशांत सुरू झाली. बर्म्युडातलाच मुद्दा! ती शांत करायला ११ नोव्हेंबर १६२० रोजी एक करारनामा लिहिला गेला, एक्केचाळीस पुरुषांनी सह्या केल्या, हॉपकिन्सने आणि त्याच्या दोन्ही गड्यांनीसुद्धा. त्या कुजबुजीत त्याचा आवाज होता की नव्हता याचा पुरावा नाही. पण अधिकार कुठून येतो या प्रश्नापायी जीव जायची वेळ आलेला माणूस त्या जहाजावर तो एकटाच होता, आणि त्याने सही केली.

पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मी माणसं दगावली. हॉपकिन्सच्या घरातली मोठी माणसं, गडी सगळे तगले. ओशनस मात्र १६२७च्या गुरांच्या वाटपाच्या यादीत नाही, त्याआधीच कधीतरी गेला.

ज्या जागी ही घरं उभी राहिली तिथे पटक्सेट नावाचं वाम्पानोआग लोकांचं गाव होतं. १६१६ ते १६१९ दरम्यान आलेल्या साथीत ते अख्खं ओस पडलं. टिस्क्वांटम तिथलाच. त्याला १६१४मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं. कसाबसा परतला तर गावात कुणी नाही. वसाहतवाल्यांना शेतं तयार मिळाली ती यामुळे. मार्च १६२१मध्ये समोसेट नावाचा माणूस उघड्यावाघड्याने चालत वस्तीत आला आणि इंग्रजीत बोलला. त्याला रात्री हॉपकिन्सच्या घरी निजवलं, कारण व्हर्जिनियात राहिल्यामुळे देशी माणसांशी वागायची थोडीफार सवय असलेला तोच. कॉन्स्टन्स तेव्हा चौदा वर्षांची होती.

त्या उन्हाळ्यात, वाम्पानोआगांशी तह झाल्यावर, हॉपकिन्स आणि एडवर्ड विन्स्लो यांना त्यांचे प्रमुख मॅसॅसॉइट यांच्या भेटीला पाठवलं. वाटाड्या टिस्क्वांटम. भेट म्हणून कलाबतू लावलेला लाल अंगरखा आणि तांब्याची साखळी. निरोप मात्र अवघड होता: तुमची माणसं आमच्याकडे वरचेवर येतात, तुम्ही आलात तर आनंदच, पण आमच्याकडे धान्य थोडं आहे, यापुढे ही साखळी घेऊन येईल तो तुमचा माणूस समजू. आणि केप कॉडला उतरल्यावर आम्ही पुरलेला मका उकरून घेतला, त्याचे पैसे द्यायचे आहेत, मालक कोण ते शोधून द्या.

मॅसॅसॉइटनी अंगरखा घातला, साखळी गळ्यात घातली, आपल्या लोकांपुढे भाषण केलं. पण घरात खायला काही नव्हतं. ते नुकतेच परतले होते. रात्र झाली तशी त्यांनी पाहुण्यांना आपल्याच बिछान्यावर घेतलं. जमिनीपासून फूटभर उंच फळ्या, वर पातळ चटई. एका बाजूला मॅसॅसॉइट आणि त्यांची पत्नी, दुसऱ्या बाजूला विन्स्लो आणि हॉपकिन्स. जागा नाही म्हणून आणखी दोन मानकरी येऊन त्यांनाच चिकटून निजले. माणसं झोप येईपर्यंत गात होती. आत उवा, पिसवा, बाहेर डास. प्रवासापेक्षा मुक्कामानेच जास्त थकलो, असं पाहुण्यांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅसॅसॉइट दोन मोठे मासे मारून घेऊन आले. ते उकडले, आणि त्यात वाटा मागायला चाळीस तोंडं. दोन रात्री आणि एक दिवस मिळून एवढंच जेवण. पाहुणे निघाले तेव्हा, धड पाहुणचार करता आला नाही म्हणून मॅसॅसॉइटना दुःखही झालं आणि लाजही वाटली, हेही त्याच लिखाणात आहे.

घरात दाणा नसताना आलेल्याला आपली पथारी देणारा आणि वर स्वतःच ओशाळणारा यजमान. या वाक्यापाशी माझ्या डोळ्यांत पाणी येतं.

पुढचा हॉपकिन्स प्लिमथच्या कोर्टाच्या दप्तरात भेटतो. आधी तो वसाहतीचा सहायक, म्हणजे कारभाऱ्यांपैकी एक. मग १६३६मध्ये मारहाणीबद्दल दंड. घरी रविवारी दारू पाजल्याबद्दल तक्रार. पेनीची बिअर दोन पेन्सला विकल्याबद्दल दंड. नऊ पेन्सचा आरसा सोळाला विकल्याची नोंद. यातलं फारसं मनाला लागत नाही, दारूचा गुत्ता चालवणाऱ्याच्या आयुष्यात असायचंच. मनाला लागते ती डॉरथी टेंपल.

ती त्याच्या घरची मोलकरीण. तिला दिवस राहिले आर्थर पीच नावाच्या तरुणापासून. त्या पीचने एका देशी माणसाला व्यापाराच्या मालासाठी भोसकलं आणि १६३८मध्ये त्याला दोन साथीदारांसह फाशी झाली. करार संपायला डॉरथीची दोन वर्षं बाकी होती. हॉपकिन्सने तिला बाळासकट घराबाहेर काढलं. तिला पोसायची जबाबदारी तुझी, असा कोर्टाने हुकूम दिला. त्याने तो मानला नाही, कोठडी पत्करली. चार दिवसांनी जॉन होम्सने तीन पौंड घेऊन तिला आणि मुलाला ठेवून घेतलं. नंतर डॉरथीला दोनदा चाबकाची शिक्षा झाली. पहिल्याच वेळी ती बेशुद्ध पडली म्हणून दुसरी सोडून दिली.

बायकापोरांच्या नावाने पदर पसरून गळ्यातला फास सोडवून घेतलेला हा माणूस, आणि त्याने हे केलं. त्याचे वंशज ही नोंद लपवत नाहीत, ग्रंथांत छापतात, ही चांगली गोष्ट आहे. पण मी तिच्यावरून पुढे सहज जाऊ शकत नाही.

मृत्युपत्र केल्यावर जेमतेम सहा आठवड्यांच्या आत तो वारला. १७ जुलै १६४४ला त्याच्या मालमत्तेची यादी झाली. १६५१च्या सुमारास वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने जहाजावरच्या प्रत्येक घराचं काय झालं याची मोजदाद केली. त्यात हॉपकिन्सचा मुलगा केलेब खलाशी झाला आणि बार्बाडोसला गेला तो तिथेच वारला, असं आहे. गाइल्सला चार मुलं. आणि कॉन्स्टन्सला बारा, बाराही हयात. आज जे स्वतःला हॉपकिन्सचे वंशज म्हणवतात त्यातले पुष्कळ या बारांचे. प्लिमथच्या पिलग्रिम हॉल संग्रहालयात बीव्हरच्या लोकरीची एक उंच काळी टोपी आहे, ती तिची म्हणून सांगतात.

इथपर्यंत वंशावळ नीट जाते. माझी अडचण अशी, की मला त्या बिछान्यावरच्या दुसऱ्या घराचंही पुढचं वाचायचं होतं, आणि ते हॉपकिन्स घराण्याच्या कुठल्याही ग्रंथात नव्हतं.

मॅसॅसॉइट हयात असेपर्यंत तह टिकला. त्यांच्यामागे थोरला वामसुट्टा गादीवर आला. १६६२मध्ये प्लिमथच्या अधिकाऱ्यांनी त्याला सशस्त्र माणसं पाठवून चौकशीला बोलावून नेलं. नेणारा जोसाया विन्स्लो: एडवर्ड विन्स्लोचा मुलगा, म्हणजे त्याच बिछान्यावर निजलेल्या दुसऱ्या पाहुण्याचा. वामसुट्टा आजारी पडला आणि त्यातच मेला. धाकटा मेटाकॉम, ज्याला इंग्रज किंग फिलिप म्हणत, त्याने १६७५मध्ये शस्त्र उचललं. तेव्हा प्लिमथचा गव्हर्नर तोच जोसाया. चौदा महिन्यांत न्यू इंग्लंड होरपळून निघालं. इंग्रजांची गावं जळली, आणि वाम्पानोआग, नॅरागॅन्सेट यांची तर वस्तीच्या वस्ती संपली. १२ ऑगस्ट १६७६ला मेटाकॉम मारला गेला. त्याचं मस्तक प्लिमथमध्ये काठीवर टांगलं आणि वर्षानुवर्षं तसंच ठेवलं. ज्या गावात त्याच्या बापाने आलेल्यांशी तह केला, तेच गाव.

त्याची पत्नी आणि नऊ वर्षांचा मुलगा आधीच पकडले गेले होते. या मुलाचं काय करावं यावर वसाहतीच्या धर्मगुरूंनी कित्येक महिने पत्रव्यवहार केला. जॉन कॉटन आणि सॅम्युएल आर्नल्ड यांनी बायबलातले दाखले देऊन लिहिलं, की बापाच्या अपराधासाठी पोराला मारता येतं. ब्रिजवॉटरचे जेम्स कीथ यांनी त्याच बायबलातून उलटा दाखला काढला: बापाच्या पापासाठी लेकाला मारू नये. मार्च १६७७मध्ये कॉटनने एका पत्रात एका ओळीत कळवलं, की फिलिपचा पोरगा आता विकायला जातोय. मॅसॅसॉइटचा नातू. हॉपकिन्सच्या शेपूट नसलेल्या कालवडीची नोंद झाली, या मुलाचं नाव कुणी लिहिलं नाही.

कॉन्स्टन्स हॉपकिन्स त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत जिवंत होती, केप कॉडवर ईस्टहॅमला.

आई आणि मुलगा बर्म्युडाला विकले गेले, अशी तिथल्या सेंट डेव्हिड्स बेटावरच्या लोकांची परंपरागत समजूत आहे. आपल्यात मेटाकॉमच्या घरचं रक्त आहे असं ते मानतात, आणि २००२पासून ते आणि न्यू इंग्लंडमधले वाम्पानोआग एकमेकांकडे येतात-जातात, एकत्र नाचतात, जेवतात. ज्या बेटावर स्टीफन हॉपकिन्सला बायकोमुलांकडे बघून जीवदान मिळालं, तेच बेट. हॉपकिन्सचा कुलवृत्तांत मी लिहायला घेतला तर ही दोन पानं मी समोरासमोर छापीन.

मॅसॅसॉइटची एक मुलगी होती, अॅमी. तिचा वंश टिकला. त्या वंशातल्या झर्वाया गोल्ड मिचेल या बाईंचा जन्म १८०७चा. लेकव्हिल गावाजवळच्या बेटीज नेक या आपल्या वाडवडिलांच्या जमिनीसाठी त्या मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे दाद मागत राहिल्या. त्यांनी एबेनेझर पीअर्स या इतिहासकाराकडून मॅसॅसॉइट आणि त्यांच्या वंशजांचा इतिहास लिहवून घेतला आणि १८७८मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, नॉर्थ अ‍ॅबिंग्टनहून स्वतःच्या नावाने तो प्रसिद्ध केला. मूळपुरुष मॅसॅसॉइट, मग अॅमी, मग पिढ्या, आणि शेवटी बाईंची स्वतःची मुलं, नावानिशी, मुलींसकट. मेफ्लॉवरच्या वंशजांची संस्था निघायला तेव्हा अजून एकोणीस वर्षं होती.